गावाची वाट आणि घराची किंमत

(रात्रीच्या साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आता तुम्हाला वाचता येते. अंकही येतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार झाले. तेव्हा आज फळ्यावर एक हिशेब मांडू. हिशेब घराचा आहे, पण तो घराच्या भिंतीपासून सुरू होत नाही. तो दारासमोरच्या वाटेपासून सुरू होतो.

समजा, एक आळी आहे. आळीची रुंदी १० फूट. दोन्ही बाजूंना घरे. एके दिवशी एका घरधन्याच्या मनात आले, दारात ओटा बांधावा. संध्याकाळी बसायला बरा. त्याने २ फूट पुढे येऊन ओटा बांधला. कोणी बोलले नाही. समोरच्याने पाहिले. तो म्हणाला, "त्यानं बांधला, मग मी काय घोडं मारलंय?" त्यानेही २ फूट पुढे येऊन न्हाणीघर काढले. मग तिसरा, मग चौथा. कोणी पायरी काढली, कोणी गोठ्याची दावण पुढे आणली, कोणी सरपण रचले.

आता लिहा. १० वजा २ वजा २. राहिले ६.

आळी ६ फुटांची झाली. बैलगाडी अडखळते. ट्रॅक्टर जेमतेम शिरतो, ट्रॉली शिरत नाही. १०८ नंबरची गाडी वेशीतच थांबते आणि अडलेल्या बाईला चौघांनी खाटेवर घालून तिथवर न्यावे लागते. घराला आग लागली तर बंब येणार कुठून, हे तर विचारूच नका.

आता त्या घरधन्याला मिळाले काय ते पाहू. त्याच्या घराची दर्शनी बाजू २० फूट. ओटा २ फूट. वीस दुणे चाळीस. चाळीस चौरस फूट जागा मिळाली. फुकट मिळाली म्हणून तो खूश.

त्याच आळीच्या टोकाला एक घर आहे. त्या घरच्या मुलाने शहरात काम करून पैसे साठवले आणि पक्के घर बांधायचे ठरवले. विटा आणल्या १०,०००. पूर्वी गाडी दारात रिकामी व्हायची. आता ती आळीच्या तोंडाशी विटा टाकून गेली. तिथून घर २०० पावले. डोक्यावर एका वेळी १० विटा धरल्या तर खेपा किती? दहा हजाराला दहाने भागा. १,००० खेपा. एका खेपेला जाऊन येऊन ४०० पावले. म्हणजे ४,००,००० पावले. ही झाली नुसत्या विटांची. वाळू आहे, सिमेंट आहे, खडी आहे, सळया आहेत. त्या पावलांची मजुरी कोणी द्यायची? त्या मुलाने. आणि त्यात ओटेवाल्याला एक पैचाही फायदा नाही.

अजून हिशेब संपला नाही. पुढे ओटेवाल्यावरच अडचण आली. मुलीच्या शिक्षणासाठी घर विकायचे निघाले. घेणारा आला. त्याने घरात डोकावण्याआधी काय पाहिले? आळीच्या तोंडाशी उभा राहून त्याने मान हलवली. "घर चांगलं आहे हो. पण माझा टेम्पो कुठं उभा करू?" त्याने भाव पाडून मागितला. धनी म्हणतो, "अहो, ह्या ओट्याचे चाळीस फूट धरा की!" घेणारा म्हणतो, "ते कागदावर कुठं आहेत?"

खरेच, ते कागदावर नाहीत. ते वाटेचे आहेत. जे विकता येत नाही ते त्याने मिळवले, आणि जे विकायचे होते त्याचे मोल त्यापायी उतरले.

ही आळी मी मनाने रचली आहे. पण तुमच्यापैकी काहीजण गालात हसत आहेत, त्या अर्थी ती तुमच्या ओळखीची असावी.

घराची किंमत म्हणजे नुसती विटा-मातीची किंमत नव्हे. दोन घरे अगदी सारखी बांधा. एक रुंद, कोरड्या वाटेवर. दुसरे गटाराच्या कडेला, उकिरड्यामागे. खर्च सारखाच आला. पण विकायला काढा, किंमत सारखी येईल का? येणार नाही. मग त्या दोन किमतींतला फरक कशाचा? तो वाटेचा, गटाराचा, पाण्याचा, शेजाराचा. म्हणजे तुमच्या घराच्या किमतीतला काही भाग तुमच्या उंबऱ्याच्या बाहेर पडलेला असतो. त्यावर तुम्ही कुलूप लावू शकत नाही. तो सगळ्यांनी मिळूनच राखावा लागतो.

शेताचेही तेच. ज्या शेताला पाणंद आहे त्याचा भाव वेगळा, आणि ज्या शेतात जायला दुसऱ्याच्या उभ्या पिकातून जावे लागते त्याचा वेगळा. काळी माती दोन्हीकडे तीच. पण पाणंदीवर दोन्ही बाजूंचे नांगर दरसाल वीतभर सरकतात. वीत वीत करता पाणंदीची पायवाट होते. मग ऊस तोडून बांधावरच पडतो, टोमॅटो डोक्यावरून काढावे लागतात, आणि व्यापारी म्हणतो, "रस्त्यापर्यंत आणून द्याल तर घेतो." वाट अडवली असेल तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. मामलेदार न्यायालयांचा कायदा त्यासाठीच आहे, तो १९०६ सालचा आहे. त्यात एक अट लक्षात ठेवा. अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. आपले लोक काय करतात? पहिले सहा महिने भांडतात, पुढचे सहा महिने बोलणे टाकतात, आणि मग अर्ज लिहायला बसतात. बांधावरून वाट मागायची असेल, तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे. हा आकडा वहीत लिहून ठेवा.

आता एक खरी गोष्ट सांगतो. ती नगर जिल्ह्यातली आहे. त्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे.

पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी नावाचे गाव आहे. पाऊस कमी, जमीन माळाची. गावात दारूच्या भट्ट्या पेटलेल्या. गावचे यादवबाबांचे मंदिर मोडकळीला आले होते. त्याची लाकडे काढून लोकांनी भट्ट्यांत घातली. विचार करा. मंदिर गावाचे होते. पण गावाचे म्हणजे कोणाचेच नाही, असे ज्याने त्याने धरले. एकाने फळी नेली, दुसऱ्याने तुळई नेली.

१९७५ साली सैन्यातली नोकरी सोडून अण्णा हजारे गावी आले. त्यांनी पहिले काम कोणते केले? विहीर खणली नाही. सभाही घेतली नाही. स्वतःच्या साठवलेल्या पैशातून त्या मंदिराची डागडुजी सुरू केली. लोकांना नवल वाटले. हळूहळू माणसे हातभार लावायला आली. मंदिर उभे राहिले. मग संध्याकाळी तिथे माणसे बसू लागली. बसू लागली म्हणून बोलू लागली. दारू बंद करण्याचा निर्णय त्याच मंदिरात झाला. पुढे गावची धान्य बँक निघाली. नालाबांध झाले, ओघळी अडवल्या, गळका पाझर तलाव लोकांनी श्रमदानाने नीट केला. विहिरींना पाणी आले. जिरायत रान बागायत झाले.

जिरायत एकर आणि बागायत एकर यांच्या भावात काय अंतर असते, ते तुम्हाला मी सांगायला नको. ते अंतर कुठून आले? मागे मागे जात पाहा. पाणी आले बांधांमुळे. बांध झाले माणसे एकत्र आली म्हणून. माणसे एकत्र आली, कारण त्यांना बसायला एक जागा झाली, जी कोणा एकाची नव्हती. ज्या घरी बसले तर शेजारचा येणार नाही, अशा घरी गावाची गोष्ट होत नाही.

यात एक गोष्ट मला पटत नाही, तीही सांगतो. दारू सोडेना म्हणून माणसाला खांबाला बांधून मारले, असेही त्या गावाच्या इतिहासात आहे. मारून धाक बसतो, आदर बसत नाही. चांगल्या गावाचे सगळेच चांगले असे म्हणून आपण तेही उचलायचे कारण नाही.

त्याच जिल्ह्यात, नगर तालुक्यात, हिवरे बाजार आहे. तिथे वर्षाला पाऊस साधारण ४०० मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळाने गावाची कंबर मोडली. माणसे मजुरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेली. मागे राहिली ती भांडणे आणि दारू. सरकारी नोकराला हिवरे बाजारात टाकले म्हणजे त्याला शिक्षा झाली, असे लोक म्हणत. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार हा शिकलेला तरुण सरपंच झाला.

गावाने काही नियम केले. डोंगरावर मोकाट गुरे सोडायची नाहीत. झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. दारू नाही. श्रमदान प्रत्येकाने करायचे. डोंगर सामाईक होता. पूर्वी ज्याची गुरे जास्त तो जास्त खाई, आणि सगळ्यांची गुरे मिळून डोंगर बोडका करीत. आता गवत विळ्याने कापून आणायचे ठरले. गुरे खुरांनी अंकुर तुडवीत, विळा तसे करीत नाही. गवत वाढले. गवत वाढले तसे दूध वाढले.

पण मला त्या गावची सगळ्यांत मोठी गोष्ट वेगळीच वाटते. त्यांनी जमिनीच्या पोटातले पाणी सामाईक मानले. वरची जमीन ज्याची त्याची, पण खालचे पाणी सगळ्यांचे. तुमच्या बांधाखाली पाणी थांबत नाही, त्याला सातबारा कळत नाही. म्हणून शेतीसाठी खोल बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, असे ठरले. दरवर्षी पाऊस किती झाला ते मोजतात आणि गावासमोर पाण्याचा हिशेब मांडतात. माणसांना किती, गुरांना किती, रब्बीला किती. पाऊस कमी तर रब्बीचे क्षेत्र कमी. घरखर्चाचा मेळ घालतात तसाच तो मेळ.

गावाबाहेर गेलेली कुटुंबे परत आली. २००७ साली गावाला पाण्याच्या कामाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. मग जमिनीचे मोल वाढले का? वाढले. पण गंमत पाहा. गावाने ठरवले की, जमीन बाहेरच्याला विकायची नाही. म्हणजे किंमत वाढली, आणि ती घ्यायला कोणी बाजारात गेला नाही. "मग असल्या किमतीचा उपयोग काय?" असे कोणी विचारील. उपयोग असा की, ती जमीन दरसाल देते. विकून एकदाच घेण्यापेक्षा पोरानातवांनी दरसाल घ्यावे, असा त्यांनी विचार केला.

आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती थोडी कडू आहे, पण तिच्यावाचून हा हिशेब खोटा होईल.

सामाईक म्हणजे सगळ्यांचे. सगळ्यांचे म्हणजे कोणाकोणाचे?

महाडला चवदार तळे आहे. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत, पण अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना ओंजळ भरता येत नसे. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तसा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्यासाठी त्या माणसांनी मार खाल्ला. पुढे तळे 'शुद्ध' करण्याचा प्रकार झाला. नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. मग कोर्ट-कचेऱ्या. १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. एका ओंजळीसाठी १० वर्षे.

पुढे आपली राज्यघटना झाली. तिच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांची नावे घेऊन लिहिले आहे, की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कोणाला अडवता येणार नाही. वाचता येते म्हणून सांगतो, हे कलम एकदा स्वतः वाचा.

आता आपल्या हिशेबाकडे या. गावकुसाबाहेरची एक वस्ती घ्या. तिथल्या माणसाने पोटाला चिमटा घेऊन पक्के घर बांधले. वीट तीच, सिमेंट तेच, गवंडीही तोच. पण गावचा पक्का रस्ता वस्तीच्या अलीकडे संपतो. दिव्याचा खांब अलीकडे संपतो. गटार मात्र तिथे जाऊन सुटते. त्या घराची किंमत काय येईल? ती कोणी कमी केली? त्या माणसाने तर काही कमी केले नाही. "हे लोक घाण करतात," असे म्हणणे सोपे आहे. गावाचे गटार त्यांच्या दारात सोडले, याचा विचार आधी करावा. जिथवर गावाचा रस्ता जातो तिथवरच गावाची माया जाते, असे दिसू लागले, तर पलीकडच्याने त्या रस्त्याचा मान का राखावा?

गाडगेबाबा गावात आले म्हणजे हातात खराटा असे. आधी दिवसभर गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. ते जात विचारून झाडीत नसत. १९५६ साली ते गेले. २००० साली त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. बक्षिसासाठी गावे झडझडून स्वच्छ झाली. काही तशीच राहिली, आणि काही ठिकाणी तपासणीची गाडी वळली तसा खराटा कोपऱ्यात गेला. बक्षीस वाईट नाही. पण बक्षिसाचा फलक रंगवून घेणे सोपे असते, फलकाखालची मोरी उपसणे अवघड असते.

आता कायद्याचे थोडे. हे कंटाळवाणे वाटेल, पण उपयोगी आहे.

पंजाबात पतियाळा जिल्ह्यात रोहर जागीर नावाचे गाव आहे. तिथे गावाचे तळे होते. काही लोकांनी त्यात माती भरून घरे बांधली. गाव तक्रार घेऊन गेले. एका अधिकाऱ्याने म्हटले, आता बांधलेच आहे, तर जमिनीची किंमत भरून घ्या आणि राहू द्या. प्रकरण वर वर जात सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ जानेवारी २०११ रोजी न्यायालयाने सांगितले, की गावाची सामाईक जागा अशी पैसे भरून आपली करता येणार नाही. ज्याने जास्त खर्च केला, ज्याचे वजन जास्त, त्याला सूट मिळणार नाही. सगळ्या राज्यांनी अशी अतिक्रमणे काढण्याची योजना करावी, असाही हुकूम झाला. मात्र भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारने रीतसर जागा दिली असेल, किंवा त्या जागेवर शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तिथला विचार वेगळा ठेवला. गायरानाबद्दल आपल्याकडे बोलणे निघते, ते या निकालापासून जास्त निघू लागले.

आपल्या महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालचा आहे. त्याच्या ५३ व्या कलमाप्रमाणे रस्त्यावरचे आणि मोकळ्या जागेवरचे अडथळे काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे. शिवाय २००६ सालापासून अशी तरतूद आहे, की ज्याने सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केले आहे त्याला पंचायतीचा सभासद राहता येत नाही. घरच्या माणसाने केलेले अतिक्रमण असेल आणि सभासद त्याच घरात राहत असेल, तरी ते चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले.

ही तरतूद मला फार आवडते. कारण गावात अतिक्रमण काढायचे ठरले की पहिला हातोडा कुठे पडतो? विधवेच्या झोपडीवर. पाटलाच्या वाड्याचा कट्टा वाटेत असला तरी त्याला सगळे वळसा घालून जातात. तिथे पंचायतीची टेप पोचत नाही. मग लोक म्हणतात, "आमचंच तेवढं दिसतं का?" आणि ते बरोबर म्हणतात. म्हणून माझे सांगणे असे, की मोजणी सरपंचाच्या दारापासून सुरू करावी, मग पंचांच्या, मग सोसायटीच्या चेअरमनच्या. शेवटी ज्याला डोके टेकायला दुसरी जागाच नाही त्याच्याकडे जावे, आणि त्याला आधी दुसरी जागा दाखवावी, मग ही सोडायला सांगावी. नाहीतर वाट रुंद होईल, दोन्ही कडांच्या जागांचे भाव चढतील, आणि त्या भावाची भर ज्यांच्या खिशात पडायची ते निराळेच असतील. गरिबाची झोपडी काढून वाढलेल्या किमतीला गावाची वाढ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता तुमच्या हातातल्या कामाचे बोलू.

शेताला सातबारा असतो. पण बहुतेक लहान गावांत गावठाणातली घरे घरागणिक मोजलेलीच नव्हती. जुन्या नकाशावर गावठाण म्हणजे एक आखलेला तुकडा, आत काय ते कोणी पाहायचे? तुमच्याकडे ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा असतो. तो घरपट्टीसाठी असतो. तो मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून बँकेत घरावर कर्ज मागायला गेलो, की साहेब कागद उलटसुलट करून परत देतो.

२०२० साली सरकारने स्वामित्व नावाची योजना काढली. ड्रोन म्हणजे आकाशात फिरणारे लहान यंत्र. ते गावावरून उडते आणि फोटो घेते. त्यावरून नकाशा होतो. मग प्रत्येक घराची मिळकत पत्रिका निघते. तिच्यावर घराची जागा किती ते चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते. कर्जाला, वाटणीला, विक्रीला तो कागद उपयोगी. पण त्या नकाशावर फक्त घरे येत नाहीत. वाटाही येतात. चावडी, पार, शाळेचे मैदान, पाणवठा, स्मशानाची वाट, मोकळी जागा, हे सगळे येते. एकदा नकाशावर वाट १० फुटांची आली, की ती १० फुटांची. आणि ६ फुटांची आली तर पोरांच्या पोरांपर्यंत ती ६ फुटांचीच राहील. मग भांडत बसा.

म्हणून ज्या गावांत मोजणी व्हायची आहे, तिथे एक दिवस कामधंदा बाजूला ठेवा. ड्रोन येण्याआधी ग्रामसभा होते. तिला जा. त्यानंतर हद्दीवर पांढऱ्या फक्कीच्या रेषा ओढतात. वरून यंत्राला त्या दिसाव्यात म्हणून. त्या वेळी घरचा कर्ता तर हजर असावाच, पण बायकांनीही उभे राहावे. न्हाणीचे पाणी कुठून वाहते, हापशावर रांग कुठवर लागते, अंधारात शौचाला जायची वाट कुठे अडते, हे पुरुषांना माहीत नसते. त्यांना चावडी दिसते, मोरी दिसत नाही.

रेषा ओढताना आपल्या घराची आधी ओढू नका. घरे आधी आखली तर उरेल ती वाट, असे होते. आधी वाटेच्या दोन्ही कडा आखा. गावातल्या म्हाताऱ्यांना बोलवा. लग्नाची वरात, पालखी, भरलेली बैलगाडी पूर्वी कुठून जात असे, हे त्यांना चांगले आठवते. एखादी आजी काठी टेकून सांगेल, "इथनं दोन गाड्या आजूबाजूनं जायच्या, माझ्या लग्नात मी बघितलंय." तिचे बोलणे लिहून घ्या. वाट आखली, पार आखला, पाण्याची जागा आखली, म्हणजे मग घरे.

कोणाचा ओटा रेषेच्या बाहेर आला तर तिथल्या तिथे गलका करू नका. त्याला रेष दाखवा. आठ दिवस द्या. पुष्कळदा माणूस ओटा काढायला तयार असतो, फक्त शेजाऱ्याने आधी काढावा असे त्याला वाटत असते. अशा वेळी दोघांनी एकाच सकाळी काढावा. दगड वाया जात नाहीत, ते गटाराच्या कडेला बसवता येतात.

आणि ज्या गावांत मोजणी होऊन गेली आहे, तिथे नकाशा मागून पाहा. तो नुसता कपाटात ठेवायचा कागद नाही. आपल्या आळीवर बोट ठेवा. रुंदी वाचा. मग टेप घेऊन आळीत या आणि प्रत्यक्षात मोजा. दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा, आणि वजाबाकी करा. पुढच्या मंगळवारी वर्गाला येताना ती वही घेऊन या. ज्यांची आळी कागदाएवढीच भरेल त्यांनीही आणा, कारण ती तशी कशी राहिली ते आपल्याला विचारायचे आहे.